अँकरच्या कानात कोण बोलतं?

निवडणूक निकालाची रात्र आहे असं समजा. अँकर एका उमेदवाराची मुलाखत घेतेय, मान डोलावतेय, मध्येच एखादा उपप्रश्न विचारतेय. त्याच वेळी तिच्या कानात कुणीतरी सांगतंय, "वीस सेकंदांत आवर, स्वान्सीचा निकाल आलाय." ती वाक्य न तोडता मुलाखत गुंडाळते आणि स्वान्सीकडे वळते. बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

कानातल्या या व्यवस्थेचं नाव आयएफबी, म्हणजे इंटरप्टिबल फोल्डबॅक. चालू कार्यक्रमाचा आवाज बोलणाऱ्याच्या कानात परत पाठवायचा, हा झाला फोल्डबॅक. प्रोड्यूसरने बटण दाबलं की तो आवाज बंद किंवा बारीक होतो आणि प्रोड्यूसर ऐकू येतो. बटण सोडलं की कार्यक्रम पुन्हा सुरू. हा झाला त्यातला 'इंटरप्टिबल' भाग. न्यूजरूममध्ये बोलताना या सगळ्याला सरसकट 'टॉकबॅक' असंही म्हणतात.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. खरी मेख आहे ती या कानात काय जाऊ द्यायचं नाही, यात.

स्वतःचाच आवाज, पण उशिरा

आपण बोलतो तेव्हा मेंदू आपला आवाज सतत ऐकत असतो आणि त्यावरून पुढचे शब्द सांभाळत असतो. तोच आवाज थोडा उशिरा कानात आला तर? 1950 मध्ये बर्नार्ड ली यांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केले. चांगली बोलणारी माणसंही अशा वेळी अडखळतात, शब्द ताणतात, अक्षरं दोनदा उच्चारतात. सर्वात जास्त त्रास होतो तो साधारण 200 मिलिसेकंदांच्या उशिराला.

आता हा आकडा टीव्हीच्या दुनियेत नेऊया. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला जवळपास 240 मिलिसेकंद लागतात. म्हणजे बाहेरगावच्या रिपोर्टरचा आवाज उपग्रहामार्गे स्टुडिओत पोचला आणि तिथून फोनलाइनने तिच्याच कानात परत आला, तर उशीर नेमका त्या नको असलेल्या पट्ट्यात पडतो. ती हुशार असो, अनुभवी असो, जीभ अडखळणारच.

यावरचा उपाय म्हणजे मिक्स-मायनस. प्रत्येकाला कार्यक्रमातलं सगळं ऐकवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. सहा पाहुणे सहा ठिकाणांहून बोलत असतील तर सहा वेगवेगळी मिश्रणं लागतात, प्रत्येकात एक वेगळा माणूस वजा.

तारेऐवजी नेटवर्क

पूर्वी यासाठी कंट्रोल रूमपासून प्रत्येक कानापर्यंत वेगळी तार ओढावी लागायची. अँकर दुसऱ्या स्टुडिओत गेली की इंजिनिअर पॅच पॅनलवर जाऊन वायर हलवणार. आता कमरेला लावायच्या किंवा टेबलावर ठेवायच्या छोट्या डब्याला एकच इथरनेट केबल येते. त्यातूनच आवाज, त्यातूनच वीज. कुणाच्या कानात काय जायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरतं.

आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेऊन त्यांचे छोटे पुडके पाठवले जातात. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीचं 'दान्ते' हे यासाठी खूप वापरलं जाणारं तंत्रज्ञान. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून 2013 मध्ये एईएस67 हे मानक आलं. त्याच्या नेहमीच्या मांडणीत एका पुडक्यात एक मिलिसेकंद, म्हणजे 48 नमुने असतात. 2017 मध्ये व्हिडिओलाही सामावून घेणारं एसएमपीटीई 2110 आलं. कार्डिफमधली बीबीसी वेल्सची सेंट्रल स्क्वेअर इमारत याच मानकावर उभी आहे. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत काम करणाऱ्या ठिकाणी, कुठल्या कानात काय जायचं हे तारा न हलवता बदलता येणं किती सोयीचं, ते सांगायला नको.

पण सोयीबरोबर दोन नव्या काळज्या येतात. पहिली घड्याळाची. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत फक्त दहाचा फरक असला, तरी मिनिटाला जवळपास 29 नमुन्यांची तफावत पडते. ती साचत गेली की कानात 'टक्' असा आवाज येतो. म्हणून नेटवर्कवरचं एक घड्याळ प्रमाण मानून बाकी सगळी यंत्रं सतत त्याच्याशी वेळ जुळवत राहतात. या पद्धतीला पीटीपी म्हणतात.

दुसरी काळजी बिघाडाची. तार तुटली तर एक कान बंद पडायचा. मधला स्विच बंद पडला तर एकदम वीस बंद पडू शकतात. त्यामुळे महत्त्वाच्या ठिकाणी दोन स्वतंत्र नेटवर्क टाकतात आणि तेच पुडकं दोन्हीकडून पाठवतात. एक वाट बंद झाली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि हो, एका क्लिकने योग्य मिश्रण कानात जातं, तसंच चुकीचंही जातं. कुणाला कुणाचा आवाज वजा करून द्यायचा, हे अजूनही माणसालाच नीट बघावं लागतं.

अडखळतंय कोण?

या विषयात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: कानातली चूक पडद्यावर माणसाची चूक म्हणून दिसते. प्रेक्षकाला मिश्रण दिसत नाही, अडखळणारी रिपोर्टर दिसते. "हिला नीट बोलता येत नाही" हा शेरा तिच्या नावावर जमा होतो. परक्या भाषेत, वेगळ्या उच्चारांत बोलणाऱ्या पाहुण्याबद्दल तर असा निष्कर्ष फारच पटकन काढला जातो. ऑनलाइन इंटरव्ह्यू दिलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून घरच्या व्हिडिओ कॉलसाठी एक व्यवहारी नियम. झूमसारखी अ‍ॅप्सही मिक्स-मायनसच करतात. तुमचा आवाज तुम्हाला परत पाठवत नाहीत. तरीही आजी म्हणाली, "अरे, मला माझंच बोलणं ऐकू येतंय," तर तिचा फोन तपासायला सांगू नका. तिचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरतोय आणि समुद्र ओलांडून तिच्याकडे परत जातोय. अ‍ॅप तो पुसायचा प्रयत्न करतं, पण दर वेळी जमतंच असं नाही. हेडफोन तुम्ही लावायचा. आजी मग न अडखळता बोलेल.