आग्याच्या झाडाखालून जाताना

चौक्यावरून धामापूरच्या वाटेला लागलं की एक काटेसावर लागते. माघ-फाल्गुनात लाल फुलांनी भरते तेव्हा तिच्या आडव्या फांदीला चार-पाच काळी मोहोळं लोंबत असतात, लांबून पाहिलं तर ओले टॉवेल वाळत घातल्यासारखी. एकदा तिथून जाताना रिक्षावाल्यानं बोट दाखवून विचारलं, "हीच मा ती आफ्रिकेतली, माणसाक मारणारी?"

नव्हे. ती गोष्ट ब्राझीलची. वॉर्विक केर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५६ साली जास्त मधाच्या आशेनं आफ्रिकेतल्या राण्या आणल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या २६ वसाहती निसटल्या, तिथल्या युरोपियन माश्यांत मिसळल्या आणि हा संकर उत्तरेकडे सरकत १९९० साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पोचला. तोवर हॉलिवूडनं त्यांच्यावर सिनेमाही काढून टाकला होता. खरं तर त्या माशीचं विष साध्या मधमाशीपेक्षा जहाल नाही. ती लवकर चिडते, मोठ्या संख्येनं येते आणि लांबपर्यंत पाठलाग करते, एवढाच फरक. भारतात ती नाहीच.

आपल्याकडे आहे ती आग्या. सातेरी मधमाशीसारखी ती पेटीत किंवा ढोलीत राहत नाही. उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि त्याला भिंत म्हणून स्वतःच्याच अंगांचा थरावर थर असा पडदा करते. थोडं दूर उभं राहून पाहिलं तर त्या काळ्या पडद्यावरून मधूनच एक चकाकी सर्रकन फिरते, भाताच्या शेतावरून वारा जावा तशी. गांधीलमाशी जवळ आली की एकीमागून एक माश्या पोट वर उचलतात, त्याची ही लाट. शत्रू गोंधळतो आणि मागे फिरतो. ही लाट दिसली की पहारा जागा आहे असं समजावं आणि आपली पावलं वळवावीत.

पहारा बिथरतो कशानं? दगडानं, फटाक्यानं, खाली पेटवलेल्या पातेऱ्याच्या धुरानं. रात्री थेट पोळ्यावर मारलेल्या बॅटरीच्या झोतानंही. पण पुष्कळदा आगळीक माणसाची नसतेच. मधुबाज नावाचा घारीएवढा पक्षी पोळ्यावर झडप घालतो, लचका तोडतो आणि निघून जातो. त्याच्या तोंडावरची पिसं खवल्यांसारखी दाट असतात. आपल्याला तशी नसतात, आणि नेमके आपण खालून चाललेले असतो. शिवनेरीवर, अजिंठ्याच्या लेण्यांत पर्यटकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा दर वेळी कुणी खोडी काढलेली असतेच असं नाही.

पहिला डंख बसला की पुढचं सगळं वासावर चालतं. नांगीला उलटे काटे असल्यानं ती कातडीत अडकते आणि माशी उडताना विषाची पिशवीच तुटून मागे राहते. ही पिशवी बिनमाशीची धडधडत राहून आत विष ढकलते आणि पिकल्या केळ्यासारखा वास सोडते. हा वास म्हणजे बाकीच्यांना हाक. अंगावर माशी चिरडली तरी तोच वास सुटतो, म्हणून हात झाडत उभं राहणं सगळ्यात वाईट.

पळायचं. शर्ट डोक्यावरून ओढून नाकतोंड झाकायचं, कारण श्वासाच्या रोखानं त्या तोंडाकडेच येतात. वाट दिसण्यापुरते डोळे उघडे ठेवून घर, गाडी, जे बंद होईल ते गाठायचं. सोबत दहा-वीस आत येतील, येऊ देत. बाहेर हजार आहेत. तळ्यात किंवा विहिरीत उडी मारू नये. श्वासाला डोकं वर काढावंच लागतं आणि त्या वर घिरट्या घालत असतात. जत्रेत असाल तर गर्दीत शिरू नका, माश्या तुमच्याबरोबर तिथंही येतील.

आत पोचल्यावर आधी नांग्या काढा. चिमटीत धरू नये, पिशवी पिळली जाते, असं पूर्वी सांगत. १९९६ साली अमेरिकेत हे तपासून पाहिलं, तर कशी काढली याला फारसं महत्त्व नाही, किती लवकर काढली याला आहे. तेव्हा नख, चिमटी, जे हाताशी असेल ते. चुना लावायचा तर नंतर लावा, पण चुन्याची डबी शोधण्यात वेळ घालवू नका.

अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर डंख एकच असला तरी १०८ला फोन करा. ही ॲलर्जी आहे, तिला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि मिनिटं मोजकी असतात. ॲलर्जी नसलेल्याच्या जिवावर बेतायला किलोमागे साधारण १९ डंख लागतात असा एक हिशेब आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला हजाराच्या पुढे. पण त्यावर निर्धास्त राहू नये. चाळीस-पन्नास डंख बसलेला माणूस "माका काय झाला नाय" म्हणत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावं. मूत्रपिंडांवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसतो. लघवी काळपट-लाल होणं ही त्याची खूण. लहान मुलांच्या बाबतीत तर आकडा मोजत बसूच नये.

आणि ते झाड? शाळेच्या दारातच पोळं असेल तर जाणकाराला बोलवावं. एरवी पेटती चूड घेऊन वर चढण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडतं. आग्या भटकी आहे. पावसाळ्याआधी बहुतेक वसाहती उठून जातात. जूनमध्ये त्या काटेसावरीखालून गेलो तेव्हा फांदीच्या पोटाला मेणाच्या फिकट खुणा तेवढ्या उरल्या होत्या. रिक्षावाल्याला त्या दाखवून ठेवल्यात. फुलोरा आला की आग्या पुष्कळदा त्याच फांदीवर परतते.