खाजगी वाहनतळाची आकारणी : दंड की मागणी?

शहरात मोटार चालविणे एक वेळ सोपे. ती उभी करण्यास जागा मिळविणे मात्र अवघड. चंदीगडमधील मनीमाजरा हा भाग याचे बोलके उदाहरण आहे. चंदीगड हे आखून-रेखून वसविलेले शहर. त्याची पायाभरणी १९५२ साली झाली. मनीमाजरा हे गाव मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. जुना किल्ला, अरुंद गल्ल्या, दाट वस्ती आणि मोटारींच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध असलेली मोटर मार्केट ही त्याची ओळख. ज्या काळी या गल्ल्या झाल्या, त्या काळी मोटारीचा विचार कोणी केला नव्हता. त्यामुळे आज येथील रहिवाशाला व ग्राहकाला अनेकदा पैसे देऊन वाहनतळाचा आश्रय घ्यावा लागतो.

पैसे देण्यास कोणाची ना नसते. पण मागितलेली रक्कम योग्य नसेल तर काय करावे? त्यातही मोटार स्वतःच्या नावावर नसून कंपनीकडून भाडेकराराने, म्हणजे लीजवर, घेतलेली असेल तर? या पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत.

एक कल्पित प्रसंग

समजा, मनीमाजऱ्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने तीन वर्षांच्या भाडेकरारावर मोटार घेतली आहे. एके दिवशी घरातील बाई खरेदीसाठी एका खाजगी व्यापारी संकुलात गेल्या. आत जाताना त्यांना पावती मिळाली. दोन तासांनी परत येऊन पाहतात तो पावती हरवलेली! दारावरील कर्मचाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आर.सी., पाहण्यास मागितले, त्यावरील कंपनीचे नाव टिपून घेतले आणि म्हटले, "पावती हरवली, पाचशे रुपये दंड भरा." बाईंनी दोन तासांचे ठरलेले चाळीस रुपये दिले, त्याची पावती घेतली, पण दंड देण्यास नकार दिला.

महिन्याभराने मोटार देणाऱ्या कंपनीचे पत्र आले : "वाहनतळाचा दंड ५०० रुपये व आमचे सेवाशुल्क २५० रुपये, असे एकूण ७५० रुपये तुमच्या अनामत रकमेतून कापून घेण्यात येतील."

रक्कम लहान आहे. म्हणूनच बहुतेक लोक "जाऊ द्या" म्हणून ती सोडून देतात. परंतु ज्याच्या घरी महिन्याचा हिशेब रुपयारुपयाने जुळवावा लागतो, त्याला साडेसातशे रुपये लहान नसतात. शिवाय, जे देणे आपण लागतच नाही ते मुकाट्याने देण्याची सवय लागली, की मागणाऱ्याचीही भीड चेपते. म्हणून अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : मागणारा कोण? मागणी कोणाकडे? आणि रक्कम कशाच्या आधारे?

पहिला प्रश्न : मागणारा कोण?

'दंड' हा शब्द ऐकताच आपल्याला पोलीस आठवतात. पण दंड करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. धोकादायक ठिकाणी किंवा नियम मोडून वाहन उभे केल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये कारवाई होते. ती करण्याचा अधिकार पोलीस व परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांना आहे. अशा कारवाईचे चलन शासनाच्या ई-चलन संकेतस्थळावर वाहनाच्या क्रमांकावरून पाहता येते. ते तेथे दिसत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. एक तर ते भरावे, नाही तर न्यायालयात त्याला आव्हान द्यावे.

महानगरपालिकेचे सशुल्क वाहनतळ हा दुसरा प्रकार होय. तेथे दर महानगरपालिका ठरवते; वसुलीसाठी अनेकदा ठेकेदार नेमला जातो. ठेकेदाराला ठरलेल्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. २०२३ साली चंदीगड महानगरपालिकेच्या वाहनतळांच्या ठेक्यात बनावट बँक-हमीचे प्रकरण उघडकीस आले होते. तेव्हा पावतीवर कोणाचे नाव आहे व दर कोणता छापला आहे, हे पाहण्याची सवय असलेली बरी. दर व ठेक्याच्या अटी माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करून मागविता येतात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यास बंधनकारक असते.

तिसरा प्रकार खाजगी जागेचा. व्यापारी संकुल, रुग्णालय, चित्रपटगृह यांच्या आवारातील वाहनतळ यात येतात. येथे आपण पावती घेऊन आत जातो, तेव्हा आपल्यात व जागामालकात एक करार होतो. करार मोडल्यास जागामालक भरपाई मागू शकतो; पण त्याला शासनासारखा दंड करता येत नाही. कागदावर 'दंड' असे मोठ्या अक्षरांत छापले, तरी ती एका पक्षाने दुसऱ्या पक्षाकडे केलेली मागणीच असते. मागणीला उत्तर देता येते, तिचा आधार विचारता येतो आणि ती अमान्यही करता येते.

खाजगी संकुलाने मुळात शुल्क घ्यावे की नाही, याबाबत सर्वत्र एकच नियम नाही. तेलंगण शासनाने २०१८ साली व्यापारी संकुलांतील पहिली ३० मिनिटे निःशुल्क ठेवण्याचा आदेश काढला. पुणे महानगरपालिकेने २०१९ साली मॉल व बहुपडदा चित्रपटगृहांना वाहनतळाचे शुल्क घेऊ नये, अशा नोटिसा दिल्या. म्हणून आपल्या शहरातील नियम कोणता, याची चौकशी स्थानिक महानगरपालिकेकडे करावी.

दुसरा प्रश्न : मागणी कोणाकडे?

भाडेकराराच्या मोटारीत खरा गोंधळ येथे होतो. नोंदणी प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव दिसते, म्हणून मागणी तिच्याकडे जाते. कंपनीला वादात पडण्याची इच्छा नसते. ती पैसे भरून मोकळी होते व ते ग्राहकाकडून वसूल करते. ज्याचे म्हणणे ऐकायला हवे, त्याचेच म्हणणे कोणी ऐकत नाही.

येथे कायद्यातील एक व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २ (३०) नुसार, वाहन भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा तारण यांच्या कराराखाली असेल, तर त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे, त्याला 'मालक' समजले जाते. म्हणजे त्या अधिनियमाच्या दृष्टीने भाडेकराराने मोटार वापरणारी व्यक्ती परकी नाही. खाजगी वाहनतळाच्या बाबतीत तर प्रश्न अधिकच सरळ आहे. करार ज्याने गाडी उभी केली त्याच्याशी झाला. कंपनी तेथे हजरही नव्हती.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, "गाडी माझ्या नावावर नाही, म्हणून माझा संबंध नाही" असे म्हणता येणार नाही. जबाबदारी आपली आहे. दोन, जबाबदारी आपली आहे म्हणूनच हरकत घेण्याचा हक्कही आपला आहे.

यासाठी भाडेकराराचा कागद काढून वाचावा. 'दंड व चलन ग्राहकाने भरावे' असे कलम अशा करारांत सहसा असते. ते केवळ शासकीय दंडापुरते आहे की खाजगी मागणीलाही लागू आहे? पैसे भरण्यापूर्वी कंपनीने ग्राहकाला कळविले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे का? सेवाशुल्काचा आकडा त्यात नमूद आहे का? आपल्या हरकतीचे अर्धे बळ या उत्तरांत असते.

ब्रिटनमध्ये याबाबत स्वतंत्र कायदा आहे. तेथील २०१२ च्या एका अधिनियमानुसार, इंग्लंड व वेल्समध्ये भाड्याने मोटार देणारी कंपनी भाडेकराराची प्रत व भाडेकऱ्याचे जबाबदारी स्वीकारणारे निवेदन वाहनतळ-चालकाला ठरावीक मुदतीत पाठवून स्वतः मोकळी होऊ शकते. त्यानंतर मागणी भाडेकऱ्याकडे जाते आणि तो स्वतः हरकत घेतो. आपल्याकडे अशी ठरीव पद्धत नाही. ते काम आपल्याला एका पत्राने करावे लागते.

तिसरा प्रश्न : रक्कम कशाच्या आधारे?

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७४ येथे उपयोगी पडते. करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी ती सगळी आपोआप मिळत नाही. नमूद रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले.

आता आपल्या प्रसंगाकडे वळू. पावती हरवल्याने जागामालकाचे काय नुकसान झाले? मोटार केव्हा आत आली हे त्याला पावतीवरून कळत नाही, एवढेच. फार तर तो पूर्ण दिवसाचे शुल्क मागू शकेल. मोटार चोराच्या हाती जाऊ नये हा पावतीचा दुसरा हेतू, पण आर.सी. व ओळखपत्र दाखविल्यावर तो सफल झाला. मग पाचशे रुपये कशाबद्दल? हा प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्येही 'अन्याय्य करारा'ची व्याख्या आहे. करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या तुलनेत सर्वस्वी विषम असा दंड ग्राहकावर लादणारी अट तीत मोडते.

पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेली प्रत्येक ओळ अंतिम नसते, हेही लक्षात घ्यावे. दिल्लीतील एका हॉटेलात कर्मचाऱ्याच्या हाती सोपविलेली मोटार १९९८ साली चोरीस गेली. "वाहन मालकाच्या जोखमीवर" असे छापलेले असल्याचे हॉटेलचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकाल दिला, की आपल्या ताब्यात घेतलेल्या वाहनाची योग्य काळजी न घेणाऱ्या हॉटेलला केवळ अशा ओळीमागे लपता येणार नाही.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली चेम्सफर्ड येथील एका वाहनतळाची ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरविली. तेथे दोन तासांची निःशुल्क मर्यादा होती. ती ओलांडल्यास काय होईल हे फलकांवर ठळकपणे लिहिलेले होते आणि जागा सर्वांना मिळावी म्हणून अशी मर्यादा घालण्यात जागामालकाचे रास्त हित होते. तो निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही; पण त्यातील विचार शिकण्यासारखा आहे. फलक स्पष्ट असेल, मर्यादा वाजवी असेल व ती आपण खरोखर ओलांडली असेल, तर योग्य ती रक्कम देणे हेच प्रामाणिकपणाचे.

हरकत कशी घ्यावी?

१. पुरावा जपावा. शुल्काची पावती, दरफलकाचे छायाचित्र, तारीख व वेळ यांची नोंद ठेवावी. पावती मिळाली नसेल तर ती मागावी. ग्राहकाला पावती नाकारणे ही कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

२. वाद जागेवर वाढवू नये. मोटार अडवून धरली असेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पैसे देणे भागच पडले, तर पावतीवर "हरकत राखून रक्कम दिली" असे लिहून घ्यावे.

३. मोटार देणाऱ्या कंपनीला ताबडतोब लिहावे. तिने पैसे भरल्यानंतर ते परत मिळविणे कठीण होते.

४. वाहनतळाच्या व्यवस्थापनालाही लिहावे. पत्र ई-मेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी.

पत्राचा नमुना असा असू शकेल. चंदीगडमध्ये ते हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावे लागेल. मांडणी मात्र हीच ठेवावी.

प्रति,
व्यवस्थापक,
(मोटार देणाऱ्या कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : वाहनतळाच्या मागणीस हरकत व कपात न करण्याबाबत.

महोदय,
आपले दिनांक ... चे पत्र मिळाले. सदर मोटार भाडेकराराने माझ्या ताब्यात आहे. त्या दिवशीचे वाहनतळ शुल्क ४० रुपये मी भरले असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे. ५०० रुपयांची मागणी हा शासकीय दंड नसून एका खाजगी व्यवस्थापनाची मागणी आहे व ती मला मान्य नाही. कृपया ही रक्कम परस्पर भरू नये. माझे नाव व पत्ता त्या व्यवस्थापनास कळवावा, म्हणजे मी स्वतः उत्तर देईन. माझ्या अनामत रकमेतून कपात करावयाची असल्यास, करारातील कोणत्या कलमान्वये, हे आधी लेखी कळवावे.
आपली विश्वासू,
(सही)

दाद कोठे मागावी?

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक तक्रारी याच पायरीवर मिटतात. तेथेही समाधान झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. चंदीगडमध्ये असे दोन जिल्हा आयोग आहेत. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी मनीमाजऱ्याच्या रहिवाशाला मुंबई गाठावी लागत नाही. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. एक भेद मात्र लक्षात ठेवावा : जादा आकारणी किंवा सेवेतील त्रुटी यांची तक्रार जिल्हा आयोगाकडे, तर करारातील अटच अन्याय्य आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे केली जाते.

पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु बहुतेक वेळा आयोगापर्यंत जाण्याची पाळीच येत नाही. सभ्य भाषेत, पुराव्यासह व वेळेवर लिहिलेले एक पत्र पुरेसे ठरते. ज्याला लिहिता-वाचता येते, त्याच्या हाती हे साधन आहे. साक्षरतेचा उपयोग परीक्षेच्या कागदापुरता नसतो. हाती आलेला कागद नीट वाचणे, त्यातला 'दंड' खरोखर दंड आहे का हे ओळखणे, आणि त्याला शांतपणे उत्तर देणे, हेही शिक्षणच आहे.

स्वाध्याय

१. शासकीय दंड व खाजगी मागणी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. भाडेकराराची मोटार वापरणाऱ्याने कंपनीला ताबडतोब पत्र लिहिणे का आवश्यक आहे?
३. पावती हरवल्यास वाहनतळ-चालकाने किती रक्कम घेणे वाजवी ठरेल, असे तुम्हाला वाटते? कारणे द्या.
४. तुमच्या परिसरातील एका वाहनतळाचा दरफलक वाचा. त्यावर कोणती माहिती आहे व कोणती नाही, याची नोंद करा.