तरुण वयातला हृदयविकार ‘अचानक’ येत नाही

‘वय अवघं पस्तीस, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने अकाली निधन.’ अशा पोस्ट आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार येतात. लगेच चर्चाही सुरू होते. कुणी लशीला दोष देतं, कुणी नशिबाला. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसं आहोत, म्हणून कारण शोधायचं ते पुराव्यानेच.

आधी लशीचं पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट असलेल्या तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. देशभरातल्या ४७ रुग्णालयांमधून माहिती घेतलेला हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: घरात पूर्वी झालेला आकस्मिक मृत्यू, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत केलेलं अति मद्यपान किंवा झेपणार नाहीत इतके श्रम.

मग झटका येतो कसा? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि रक्तपुरवठा बंद पडतो. तरुणांमध्ये हा थर पुष्कळदा लहान असतो, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत काहीच त्रास जाणवत नाही. म्हणजे झटका अचानक आल्यासारखा दिसला, तरी त्याची तयारी आत दहा-पंधरा वर्षं चाललेली असते.

ही तयारी कशाने होते, याचं उत्तर ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दिलं. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या नऊ गोष्टींमधून जवळपास ९० टक्के धोक्याचा उलगडा होतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे लवकर का? याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अनेक वर्षं अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पोटात असताना पोषण कमी मिळालेल्या बाळाला मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. ज्यांच्या आजीने उपाशीपोटी शेतात राबून काढलं, आईने बाळंतपणाआधीच्या दिवसापर्यंत मजुरी केली, त्यांच्या शरीराला ही गोष्ट लागू पडते. ‘मी तर बारीक आहे’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. हातपाय काटक पण पोट सुटलेलं, ही ठेवण धोक्याची. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

दुसरा धागा आपल्या रोजच्या जगण्यात आहे. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, दहा-बारा तास गाडीवर फिरणारा डिलिव्हरी बॉय, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत चहा-वडापाववर दिवस काढणारा विद्यार्थी, कंत्राटी कामगार. अपुरी झोप, अनियमित जेवण, उद्याची चिंता. भूक मारायला आणि जागं राहायला सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तंबाखू. वस्तीत फिरताना आम्हाला ‘कसलंही व्यसन नाही’ असं सांगणाऱ्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी दिसते, कारण आपल्या लेखी खर्रा, मावा, मशेरी ही व्यसनंच नाहीत. इंटरहार्टमध्ये मात्र तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीच्या आसपास आढळला. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. आपल्या खिशातली बंदी आपल्यालाच करावी लागेल.

स्त्रियांकडे तर आपण पाहतच नाही. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. पण बाळंतपण झालं की ती फाइल कपाटात जाते. छातीत दुखण्याऐवजी दम लागणं, मळमळ, कमालीचा थकवा अशी लक्षणं बायकांमध्ये जास्त दिसतात आणि घरात त्याला ‘अशक्तपणा’ म्हटलं जातं.

जीव जातो तो बऱ्याचदा उशिरामुळे. छातीच्या मधोमध दाब किंवा जळजळ, डावा हात, जबडा वा पाठीत कळ, घाम, धाप, यांपैकी काहीही काही मिनिटांत थांबलं नाही तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत बसू नका. स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. जिथे ईसीजी होतो तिथे जा. पहिला ईसीजी ठीक आला तरी त्रास सुरू असेल, तर पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करायला सांगा. माणूस कोसळला आणि श्वास नीट चालत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. बिलाच्या भीतीने घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतल्या रुग्णालयांमध्ये अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका जागी ठेवा.

आणि हे सगळं टाळण्यासाठी चार आकडे प्रत्येकाला पाठ हवेत: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार येत असेल, तर उपचार लागतात, वय पंचवीस असलं तरी. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तपासणी आणखी लवकर करा.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरं घेतो. रक्त घेण्याआधी प्रत्येकाचा रक्तदाब मोजला जातो, पण तो आकडा तिथल्याच कागदावर राहतो. यंदा तो दात्याच्या हातात चिठ्ठीवर लिहून द्या. शेजारी एक मोजपट्टी आणि साखर तपासण्याचं यंत्र ठेवा. जास्त आकडे आलेल्यांची यादी करा आणि महिन्याभराने त्यांना फोन करून विचारा, डॉक्टरकडे गेलात का? खर्च फार नाही. दोन-तीन कार्यकर्त्यांनी जबाबदारी घेतली, तर हे काम कोणत्याही विहारात उभं राहू शकतं.