घरातील दोन संगणकांमधील सेतू

संगणक आज अनेक घरांत कुटुंबाचे दप्तरच झाला आहे. मुलांची छायाचित्रे, आयकर विवरणपत्रे, विम्याची व कर्जाची कागदपत्रे असा वर्षानुवर्षांचा संग्रह त्यात साठलेला असतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांपुढे नवा संगणक घेण्याचा प्रश्न आला. त्याबरोबरच दुसरा प्रश्नही येतो : जुन्यातील संग्रह नव्यात न्यावा कसा? पेनड्राइव्हच्या फेऱ्या कंटाळवाण्या होतात आणि संगणक दुकानात सोपवल्यास खासगी माहिती परक्या हाती जाते. एका साध्या केबलने हे काम घरच्या घरी होऊ शकते.

केबलची ओळख

या केबलला इथरनेट केबल म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी हे तंत्र विकसित करण्यास प्रारंभ केला. आजच्या केबलमध्ये आठ तारा असून त्या दोन-दोन अशा एकमेकींना पीळ देऊन बसवलेल्या असतात. या पिळामुळे बाहेरील विद्युत अडथळ्यांचा परिणाम कमी होतो. केबल १०० मीटर लांबीपर्यंत चालते, त्यामुळे घरासाठी लांबीची अडचण येत नाही.

पूर्वी दोन संगणक थेट जोडण्यासाठी ‘क्रॉसओव्हर’ ही वेगळी केबल लागे. साध्या केबलने एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी न पडता तोंडाशीच जाई. क्रॉसओव्हरमध्ये तारांची अदलाबदल करून ही अडचण दूर केलेली असे. सध्याचे संगणक ही अदलाबदल आपोआप करतात, म्हणून साधी केबल पुरते. लॅपटॉपला इथरनेटची खाच नसल्यास यूएसबीला लावावयाचा छोटा अॅडॉप्टर मिळतो.

जोडणीच्या पायऱ्या

प्रथम केबलची दोन टोके दोन्ही संगणकांत बसवावीत आणि काम होईपर्यंत वाय-फाय बंद ठेवावे.

त्यानंतर प्रत्येक संगणकाला पत्ता द्यावा. ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या भागात ‘इथरनेट’ निवडून आयपी पत्ता ‘मॅन्युअल’ करावा. जुन्या संगणकास १९२.१६८.५०.१ व नव्यास १९२.१६८.५०.२ असा पत्ता इंग्रजी आकड्यांत द्यावा. ‘सबनेट मास्क’च्या रकान्यात २५५.२५५.२५५.० लिहावे, तेथे ‘प्रीफिक्स लेंग्थ’ विचारल्यास २४ हा आकडा भरावा.

शेवटची पायरी परवानगीची. जुन्या संगणकावरील हव्या त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ सुरू करावे. अशा थेट जोडणीची नोंद विंडोज पुष्कळदा ‘पब्लिक’ प्रकारात करते व तेथे फायलींची देवाणघेवाण बंद असते. ती तेवढ्यापुरती सुरू करावी. मग नव्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेषा व त्यापुढे जुन्या संगणकाचा पत्ता लिहिल्यास ते फोल्डर दिसू लागते. या वेळी जुन्या संगणकाचे वापरकर्ता-नाव व पासवर्ड विचारला जातो. येथे चार आकडी पिन चालत नाही, आणि खात्याला पासवर्डच नसेल तर सहसा प्रवेश मिळत नाही.

दोन्ही बाजूंस गिगाबिट वेगाची सोय असल्यास १०० जीबी संग्रहास किमान १३ ते १४ मिनिटे लागतात. एक जरी बाजू १०० मेगाबिटची असली, तर त्याच कामाला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो. जुनी हार्ड डिस्क मंद असल्यास त्यात आणखी भर पडते.

यूएसबीबाबत सावधगिरी

दोन्ही टोकांना सारखाच चपटा, जुन्या पद्धतीचा प्लग असलेली साधी यूएसबी केबल दोन संगणकांमध्ये कधीही लावू नये. दोन्ही बाजू वीज पुरवू पाहतात आणि त्यामुळे उपकरणास इजा होऊ शकते. या कामासाठी मध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असलेली खास ‘ट्रान्सफर केबल’ मिळते.

काम झाल्यानंतर

संपूर्ण डिस्क कधीही शेअर करू नये; आवश्यक तेवढेच फोल्डर खुले करावे. संग्रह नव्या संगणकात आला की काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि एक प्रत बाहेरील डिस्कवरही ठेवावी. त्यानंतर शेअरिंग बंद करावे व आयपी पत्ता पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करावा. शेअरिंग तसेच सुरू ठेवून लॅपटॉप सार्वजनिक वाय-फायवर नेणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाण्यासारखे आहे.

जुना संगणक विकताना वा कोणास देताना फायली केवळ ‘डिलीट’ करून भागत नाही. अशा फायली बहुधा परत मिळवता येतात. ‘रिसेट धिस पीसी’मधील सर्व काही काढून डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय वापरावा. बँक खात्याचे तपशील व पासवर्ड एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असल्यास ती फाइल नव्या संगणकात नेऊच नये. बचतीइतकीच माहितीही जपण्याची वस्तू आहे.