वाटाड्याची नोंदवही : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दक्षिणेस देहू-आळंदीवरून वाहणारी इंद्रायणी आणि उत्तरेस आसखेडच्या धरणाने अडवलेली भामा, या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या महाळुंग्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोंदवहीचे महत्त्व कोणास पटवून देण्याची गरज नाही. कारखान्याच्या दरवाजावरच्या आवक-जावक वहीत माल भरून आलेल्या मोटारीइतकीच रिकामी परतणारी मोटारही वेळेसह लिहिली जाते, आणि ती न लिहिल्यास हिशेब जुळत नाही, हे तेथील नवख्या पहारेकऱ्यासही ठाऊक असते. परंतु हीच शिस्त मासेमारीस लागू करावी असे कोणी सुचविले की भल्याभल्यांच्या मनात शंका उभ्या राहतात. म्हणून त्या शंकांचा परामर्श येथे घेण्याचे योजिले आहे.

गळाने मासेमारी करू इच्छिणाऱ्या पाहुण्यांस मोबदला घेऊन पाण्यावर नेणारे व्यावसायिक वाटाडे अनेक देशांत आहेत. अमेरिकेच्या अलास्का राज्यात समुद्रावर हा व्यवसाय करणाऱ्यांस 1998 सालापासून सरकारी नमुन्याची नोंदवही ठेवावी लागते. मासेमारी कोणत्या क्षेत्रात व किती तास झाली, गळ टाकणाऱ्यांचे परवाना क्रमांक कोणते, कोणत्या जातीचे किती मासे ठेवले आणि किती परत सोडले, हा सारा तपशील पाहुणे व मासळी नावेतून उतरण्यापूर्वीच लिहून पुरा करावयाचा, अशी तेथील ताकीद आहे. तपशील लिहिण्यास अशी घाई का, असे वाटणे साहजिक आहे. परंतु संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वहीत मोठा मासा अधिक मोठा होतो आणि लहान मासे मुळीच उरत नाहीत, हा मनुष्यस्वभाव लक्षात घेतला म्हणजे त्या ताकिदीचे मर्म कळते.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, मासा मिळाला नाही त्या दिवशी लिहिण्यासारखे काही नसते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पाण्याखालील मासे मोजता येत नाहीत; मोजता येतो तो श्रम, म्हणजे किती गळ किती तास पाण्यात होते, आणि मोजता येते त्या श्रमाचे फळ. फळास श्रमाने भागले असता जो दर निघतो, तोच वर्षानुवर्षे ताडून पाहता येतो. रिकामे दिवस वगळले तर हा दर फुगतो, आणि नदीतील मासे निम्म्यावर आले तरी वही पूर्वीइतकीच समृद्ध दिसत राहते. सोडून दिलेल्या माशाची नोंद अनावश्यक मानणेही याच जातीची चूक आहे, कारण सोडलेला मासा हाही त्या पाण्यात मासा असल्याचा पुरावाच होय.

या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच देशातील आहे. कर्नाटकात कावेरीच्या काठी गालिबोरे येथे गळाच्या मासेमारीची छावणी होती. तेथे स्थानिक वाटाडे पाहुण्यांस महसीर माशाच्या मागे नेत, आणि पकडलेला प्रत्येक मासा तोलून, नोंदून पुन्हा नदीत सोडला जाई. पुढे संशोधकांनी 1998 ते 2012 या काळातील त्या नोंदी तपासल्या, तेव्हा 23,620 तासांच्या श्रमात 6,161 महसीर, म्हणजे सरासरीने जवळजवळ चार तासांस एक, असा हिशेब निघाला. एकत्रित आकडे पाहता माशांची संख्या वाढत होती, आणि संरक्षण लाभल्याने नदी सावरली असे कोणीही म्हटले असते. पण वहीत माशांचे दोन प्रकार वेगवेगळे लिहिलेले होते, आणि ते विलग करताच निराळीच कैफियत समोर आली: वाढ झाली होती ती निळसर परांच्या महसीराची, तर कावेरीचा मूळ रहिवासी असलेला कुबडधारी महसीर वर्षागणिक दुर्मिळ होत होता.

त्याचे सरासरी वजन मात्र वाढत होते. सामान्य माणसास ही शुभवार्ता वाटेल. वस्तुतः तिचा अर्थ असा की केवळ जुने, वयस्क मासे उरले होते आणि त्यांच्यामागे नवी पिढी येत नव्हती. हा मासा कोणत्या शास्त्रीय जातीचा, हे 2018 साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

निळसर परांचा तो दुसरा मासा आपल्याच खोऱ्यातला आहे, हे वाचून महाळुंगेकरांस आश्चर्य वाटेल. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून, आणि मुळा-मुठा, इंद्रायणी व भामा या तिन्ही नद्या अखेर भीमेसच मिळतात. 1970 च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या केंद्रात या माशाचे कृत्रिम प्रजनन होऊन त्याची बोटुकली देशातील अनेक पाण्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. हेतू संवर्धनाचाच होता, आणि ते काम करणाऱ्यांविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु एका नदीचे धन दुसऱ्या नदीत नेल्याने काय होते याचा साक्षीपुरावा वाटाड्यांच्या त्या वहीनेच जतन केला. माशाची जात लिहिण्याचा रकाना निरर्थक उपचार मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा.

नोंदवही म्हणजे पाळत, असाही आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. मेक्सिकोच्या आखातात पाहुण्यांस मासेमारीस नेणाऱ्या नावांवर अमेरिकी शासनाने इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या अहवालासोबत नावेचे ठिकाण सतत कळविणारे यंत्रही सक्तीचे केले, तेव्हा नावाड्यांनी दाद मागितली आणि 2023 साली तेथील अपील न्यायालयाने तो नियमच रद्द ठरविला. पकडीचा तपशील मागणे निराळे आणि माणसाच्या चोवीस तासांच्या हालचालींची नोंद ठेवणे निराळे, हा विवेक नियम करणाऱ्याने सोडला की चांगली वहीही बदनाम होते.

आपल्या कोकणकिनाऱ्याविषयीही एक समज दुरुस्त करावयास हवा. दरवर्षी प्रसिद्ध होणारे सागरी मासळीचे आकडे तांडेलांच्या वह्यांतून बेरीज करून काढले जातात असे पुष्कळांस वाटते. प्रत्यक्षात 1947 साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी निवडक बंदरांवर निवडक दिवशी उतरणारी मासळी डोळ्यांनी पाहून नोंदतात आणि त्या नमुन्यावरून संख्याशास्त्राच्या आधारे अंदाज बांधतात. ही पद्धत भक्कम आहे; पण ती बंदरावर उतरलेल्या मासळीची आहे. गळास लागून पाण्यात परत गेलेला मासा तिच्या दप्तरी येऊ शकत नाही.

भामेच्या जलाशयावर किंवा भीमेच्या काठी कोणी हौसेने वा पोटासाठी गळ टाकीत असेल, तर त्यास वही सुरू करण्यासाठी शासकीय हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. गालिबोरेच्या वहीमागेही अलास्कासारखा दंडाचा कायदा उभा नव्हता. तारीख, ठिकाण, गळांची संख्या, आरंभाची व अखेरीची वेळ, माशाची जात, लांबी, ठेवला की सोडला, आणि पाण्याचा रंग वा फेस असल्यास त्याचा उल्लेख, इतके रकाने पुरेत. जातीविषयी खात्री नसेल तेथे अंदाजाने नाव न घालता लांबी मोजून शेजारी पट्टी ठेवलेले छायाचित्र जोडावे. आणि ज्या दिवशी काहीच लागले नाही, त्या दिवसाच्या ओळीत तास लिहून पुढे स्पष्ट शून्य मांडावे.