रोज नवं घर

बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात मी चार वर्षं काढली. सोमवारी पहाटेची एस.टी. पकडायची, तालुक्याच्या गावी लॉजवर उतरायचं, शाखेची लेजरं तपासायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी परतायचं. फिरतीचा भत्ता मिळे, लॉजचं बिल बँक भरे. तरीही बुधवार उजाडला की घरचा वरणभात आठवायचा. त्यामुळे नऊ महिने आज या घरी तर उद्या त्या घरी झोपायचं, पगार नाही, वर खर्चाचे पैसेही आपणच गोळा करायचे, असा बेत सांगणाऱ्या माणसाला मी कर्ज तर सोडाच, बचत खातंही उघडून दिलं नसतं!

अशी दोन मुलं 2019 च्या फेब्रुवारीत माझ्या मुलीच्या घरी एका रात्रीपुरती उतरली.

मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. दक्षिण मिनेसोटातलं लहानसं गाव. बाहेर गुडघाभर बर्फ. दुपारी शेजारच्या आजीबाई आल्या. त्यांच्या तळघरातला नळ गोठून फुटला होता, आणि रात्री त्यांच्याकडे चार मुलं मुक्कामाला यायची होती. दोघांना तुम्ही ठेवून घ्याल का? मुलगी लगेच हो म्हणाली. त्या गेल्यावर मी विचारलं, "ओळख ना पाळख, कोण मुलं ही?"

"चर्चची आहेत, बाबा." माझा चेहरा पाहून ती हसली. "घाबरू नका. एका रात्रीत कुणी बाटवत नाही तुम्हाला."

सहाच्या सुमाराला ती आली. एक एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच. दुसरा बावीसचा, चष्मेवाला. दारातच बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे म्हणून विचारलं, तिथेच आमच्या सौभाग्यवतींचं मत त्यांच्या बाजूने पडलं. जेवायला मुगाची खिचडी, कढी आणि पापड. त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. हिनेही सवयीने हात जोडले.

मग त्यांनी आपलं गणित समजावून सांगितलं. 'नेट मिनिस्ट्रीज' ही कॅथलिक संस्था 1981 साली मिनेसोटातच सुरू झाली. दर वर्षी विशीच्या आसपासची मुलंमुली आपलं एक वर्ष तिला देतात. ऑगस्टपासून पाचेक आठवडे प्रशिक्षण, मग दहा-बारा जणांचं एकेक पथक व्हॅनमध्ये बसून निघतं ते मे महिन्यापर्यंत. मुक्काम स्थानिक कुटुंबांकडे. दिवसा शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शिबिर: खेळ, छोटी नाटुकली, गटचर्चा, प्रार्थना. वर्षभर कुणी कुणाच्या प्रेमात पडायचं नाही, हाही नियम. "तो पाळणं सोपं आहे," उंच मुलगा म्हणाला. "व्हॅनमध्ये कोण नाक शिंकरतं, कोण घोरतं, सगळं कळतं."

मला वार लावून जेवणारे जुने विद्यार्थी आठवले. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी कुलकर्ण्यांकडे. माझे आजोबा तसेच शिकले. ते सांगत, अन्नापेक्षा अवघड असतं ते वाढणाऱ्या बाईचा त्या दिवशीचा चेहरा वाचणं. मुलांना हे सांगितलं, तर चष्मेवाल्याने मान डोलावली. काही घरांत रात्री बारापर्यंत गप्पा मारणारे यजमान भेटतात. दिवसभर बोलून घसा बसलेला असतो, पण झोप येते म्हणणं बरं दिसत नाही. काही घरांत नवराबायकोचं भांडण नुकतंच होऊन गेलेलं असतं. "दार उघडलं की वासावरून कळतं," तो म्हणाला.

माझ्यातला बँकवाला गप्प बसेना. पैसे कसे जमवता? आत्या, मामा, शेजारी, शाळेतले शिक्षक, सगळ्यांना पत्रं लिहून. नाही म्हणणारेही असतात. मी म्हटलं, "देणाऱ्याला तारण काय?" हा शब्द त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी उंच मुलगा म्हणाला, "काहीच नाही. म्हणून तर मागताना लाज वाटते."

ताटं उचलल्यावर चष्मेवाला सिंकपाशी भांडी विसळत होता. मी पुसायला उभा राहिलो. तेव्हा तो हळू आवाजात बोलला. शिबिरात प्रत्येकाने स्वतःची कहाणी सांगायची असते. आपल्याकडच्या ख्रिस्ती मराठीत याला साक्ष देणं म्हणतात. त्याची साक्ष वडिलांच्या दारूची. सप्टेंबरपासून किती वेळा सांगितली, मोजदाद नाही. "आता कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे मला ठाऊक झालंय. कधीकधी वाटतं, मी बाबांना विकतोय."

मी काय बोलणार? कीर्तनकारालाही हे चुकलेलं नाही, एवढंच मनात आलं. आपल्याकडे कीर्तनाचा हा साज ख्रिस्ती मंडळींनीही चढवला होता. तेव्हाच्या अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं उभी केली, पुढे ना. वा. टिळकांनीही ती केली. तेच आख्यान शंभराव्यांदा सांगताना डोळ्यांत येणारं पाणी खरं किती आणि सवयीचं किती, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाई शिबिरात जेवण वाढायला निघाल्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. चर्चच्या सभागृहात शंभरेक शाळकरी मुलं, निम्मी कंटाळलेली, काही एकमेकांना कोपरखळ्या मारणारी. दुपारी चष्मेवाला उभा राहिला आणि वडिलांविषयी बोलू लागला. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज कुठे उतरतो, ते मला कळलंही. पण तिसऱ्या रांगेतला एक लठ्ठसा मुलगा, मघापासून बुटाची नाडी ओढत बसलेला, नाडी सोडून वर बघू लागला होता. कार्यक्रम संपल्यावर तो चष्मेवाल्याजवळ घुटमळला. दोघं भिंतीपाशी बराच वेळ बोलत होते. त्यांचा देव माझा नाही, आणि इतक्या कोवळ्या वयात कुणाचं मन एका दिशेला वळवावं का, ही माझी शंका आजही फिटलेली नाही. पण त्या मुलाचं कुणीतरी ऐकून घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

चार वाजता व्हॅनमध्ये स्पीकर, पुठ्ठ्याचे मुखवटे, सॅक कोंबल्या गेल्या. हिने दिलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उंच मुलाने मांडीवर घेतला. पुढचा मुक्काम तीन तासांवर होता. तिथले यजमान कसे असतील, कुणालाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मला चैन पडेना. 2008 साली माझ्या मुलाने इंजिनिअरिंगला असताना एक वर्ष मागितलं होतं. पथनाट्य करणाऱ्या एका मंडळींबरोबर त्याला गावोगाव फिरायचं होतं. मी म्हटलं, "बायोडेटात वर्षाचा खड्डा दिसला तर कोण उभं करील तुला?" त्याने वाद घातला नाही. आज तो पुण्यात चांगल्या कंपनीत आहे, आणि तो विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

त्या रात्री नऊ वाजता मी त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो ऑफिसला निघायच्या गडबडीत. मी विचारलं, "त्या वर्षी मी तुला जाऊ द्यायला हवं होतं का रे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. आज एकदम काय?"

मी त्या दोन मुलांची हकिगत सांगितली. तो ऐकत राहिला. मग विचारू लागला: नाटुकली कोण लिहितं? तालमी कुठे करतात, व्हॅनमध्येच? गाडी चालवतं कोण? एखादा आजारी पडला तर त्याचं काम कोण करतं? मला ठाऊक होतं तेवढं मी सांगत गेलो. अर्धा तास झाला, तरी त्याचे प्रश्न संपेनात. त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा पोचला.