पृथ्वी फिरते, पण विमानाला मागे टाकून नाही

भंडाऱ्याहून कोणी आखातात निघालं की निरोपाच्या चहाबरोबर एक शास्त्र हमखास ऐकू येतं: पश्चिमेकडे जाताना विमान लवकर पोहोचतं, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि मुक्कामाचं शहरच समोरून चालत येतं. पुरावा म्हणून तिकीट पुढे केलं जातं. समजा, नागपूरहून पहाटे ४ ला सुटलेलं विमान दोह्याला ५.४५ ला उतरलं आणि परतीचं रात्री ८ ला निघून नागपूरला २.२० ला टेकलं. जाताना पावणेदोन तास, येताना सहा तास वीस मिनिटं, झालं सिद्ध! पण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते आणि दोह्याचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास चालतं. हा फरक धरून हिशेब केला तर जाताना सव्वाचार तास लागले, येताना तीन तास पन्नास मिनिटं. म्हणजे साक्षीदारच उलटला.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा हट्ट सुटत नसेल, तर तो शेवटपर्यंत नेऊन पाहावा. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. हवा तिच्याबरोबर फिरत नसती, तर भंडाऱ्यावर नुसतं तरंगणारं हेलिकॉप्टर अडीच मिनिटांत नागपुराच्या रेषेत आलं असतं आणि महामार्गाची गरजच उरली नसती. दोह्याहून ताशी ८५० ने परतणारं विमान तर पुढे पळणारं नागपूर कधीच गाठू शकलं नसतं. तसं होत नाही, कारण वातावरण जमिनीसोबतच फिरतं. धावत्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये उडणारी माशी डब्याच्या मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच हे.

मग परतीचा वेळ वाचतो कशाने? वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० वरून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळपास दोन तास आधी पोहोचलं. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत गेलं. दोन्ही विमानं पूर्वेकडेच जात होती. यावर कोणी म्हणेल, हे वारे तरी पृथ्वीच्या फिरण्यानेच वळतात ना? अगदी खरं. पण मग फिरण्याचा फायदा पूर्वेला जाणाऱ्याला मिळतो, म्हणजे मूळ समजुतीच्या बरोबर उलट. शिवाय हा फायदा बारमाही नाही: पावसाळ्यात पश्चिमी जेट हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा जेट येतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पृथ्वीची दिशा मात्र ऋतूप्रमाणे बदलत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ हा सर्वांत जवळचा मार्ग नव्हे. गोलावर दोरा ताणून पाहा, अमेरिकेची विमानं उत्तरेकडून का जातात ते कळेल. तिकिटावरचा कालावधी निव्वळ उड्डाणाचा नसतो; धावपट्टीपर्यंतचं सरकणं आणि रांगेत थांबणंही त्यात धरलेलं असतं. आणि नागपूर–मुंबई विमान दीड तासाचं म्हणून भंडाऱ्याहून मुंबई दीड तासावर येत नाही. नागपूरपर्यंतचे साठेक किलोमीटर, विमानतळावरची तपासणी आणि उतरल्यावर सामानाची वाट हे सगळं मोजलं तर अर्धा दिवस गेलेला असतो.